उचलण्याआधी

१

समुद्राच्या तळाशी पडलेली वस्तू वर काढायला किती जोर लागेल, हे आधी सांगणं हा तिचा धंदा होता. तेवीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. जहाजावर सगळे तिला वजनताई म्हणायचे. अख्ख्या दर्यातल्या लोखंडाचं वजन सांगणारी आपली बहीण घरातल्या वजनकाट्याला मात्र वळसा घालून जाते, हा तिच्या धाकट्या बहिणीचा ठेवणीतला विनोद होता.

लोकांना वाटतं, बेचाळीस टनांचं धूड असेल तर बेचाळीस टन जोर लावायचा, झालं. तसं नसतं. पाणी थोडं वजन स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणजे बेचाळीसचे तळाशी छत्तीस होतात. पण तळाचा चिखल सहजासहजी सोडत नाही. चिखलात रुतलेला पाय उपसावा आणि चप्पल आतच राहावी, तशी त्याची पकड. त्या पकडीचे पंधरा-वीस टन वेगळे धरायचे. वर लाटांनी जहाज झुलतं, त्याचे हिसके धरायचे. आणि शेवटी वस्तू पाण्याबाहेर निघताना पोटात साठलेलं पाणी घेऊन निघते. विहिरीतून बादली काढताना शेवटचा हात जड जातो ना, तसं.

हे सगळं मांडून ती एका कागदावर पाच आकडे लिहायची. तेवढ्या पाच आकड्यांवर क्रेन चालायची आणि माणसं सुखरूप घरी जायची.

त्या दिवशीचं काम अगदी नेहमीचं होतं. अकरा वर्षांपूर्वी तीनशे दहा मीटर खोल ठेवलेला एक पंप, त्याच्या लोखंडी सांगाड्यासकट वर आणायचा. चार पायांचा सांगाडा, साधारण एका खोलीएवढा. हवा स्वच्छ होती, लाटा बेताच्या. जहाज नऊ-नऊ सेकंदांनी एक झोका घेत होतं, तेवढंच.

"ताई, आज काय प्रसाद?" क्रेनवाल्या उस्तादांनी केबिनमध्ये चढता चढता विचारलं. साठीला आलेला माणूस, हात मात्र घड्याळजीसारखे हलके.

"सुटताना छप्पन्न. सुटल्यावर छत्तीस. छप्पन्नला नाही सुटलं तर ओढत बसू नका. थांबा, वाट बघा. चिखल दमतो."

"चिखल दमतो, बायको दमत नाही," उस्ताद म्हणाले आणि वर गेले.

डेकच्या टोकाला तिच्या बहिणीचा नवरा आपला पोशाख तपासत बसला होता. तो पाणबुड्या. सांगाडा पृष्ठभागाजवळ आला की पाण्यात उतरून त्याला दोन दोर बांधायचे, म्हणजे तो बाहेर निघताना जहाजावर आपटणार नाही, एवढं त्याचं काम. ती त्याला चिडवायला जावईबापू म्हणायची आणि तो ते नाव तोऱ्यात मिरवायचा. निघताना बहिणीने फोनवर सांगितलं होतं, "त्याच्यावर लक्ष ठेव गं. पाण्यात गेला की त्याला घर आठवत नाही."

२

पावणेदहाला उचल सुरू झाली. ती डेकवरच्या पत्र्याच्या खोलीत आपल्या पडद्यासमोर बसली. शेजारी दुर्बीण. हा तिशीतला पोरगेला माणूस पाण्याखालचा कॅमेरा चालवायचा, म्हणून त्याला दुर्बीण म्हणत. आणि केबलला बांधलेल्या, दिवे आणि पंखे लावलेल्या त्याच्या त्या चौकोनी यंत्राला सगळे बेडूक म्हणत. सकाळी बेडकाने सांगाड्याला हूक अडकवला होता. त्या खटपटीत त्याच्या चिमट्यातून एक पिवळी कडी निसटली आणि पुढच्या पायाशेजारी चिखलावर पडली. दुर्बीण हळहळला होता, "नवी कोरी होती हो."

"घ्या उस्ताद," ती माइकवर म्हणाली.

दोर ताणला. पडद्यावरचा आकडा चढू लागला. पाच. बारा. वीस. सव्वीस. दोराचं स्वतःचं वजन वगळून, फक्त ओझ्याचा आकडा. एकतीसवर तो थांबला.

"चला, आता चिखलाशी गाठ," ती म्हणाली.

"ताई, सुटलं," उस्तादांचा आवाज आला.

"कसं सुटेल? एकतीसच आहेत."

"दोर आत येतोय. चार मीटर आला."

तिने दुर्बिणीच्या पडद्याकडे पाहिलं. बेडूक वरून बघत होता, आणि सांगाडा खरंच वर येत होता. शांतपणे, पाळण्यातून उचललेल्या बाळासारखा. तळ सोडताना चिखलाचा ढग उठतो. दहा-दहा मिनिटं काही दिसत नाही, असा. आज पाणी काचेसारखं होतं.

"ढग कुठंय?"

"आला नाही," दुर्बीण म्हणाला. मग जरा खाकरला. "आणि ते बघा."

सांगाड्यावर तळापासूनची उंची मोजणारं एक छोटं यंत्र बसवलं होतं. ते सांगत होतं : शून्य. सांगाडा सहा मीटर वर आला, दहा मीटर वर आला. उंची : शून्य.

"बिघडलंय," ती म्हणाली.

"बिघडलं असेल," तो म्हणाला.

तिने कागदावर छप्पन्नच्या पुढे एकतीस लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

३

छत्तीसच्या खाली आकडा जायला कारण लागतं. वस्तू उगाच हलकी होत नाही. तिने नकाशे काढले, एकेक भाग मोजला. पंप जागेवर, पाइप जागेवर, चारही पाय जागेवर. पाच टन कमी व्हायचे म्हणजे केवढा तरी तुकडा गळून पडायला हवा होता. काहीच गळालं नव्हतं.

वजन मोजणारं यंत्र चुकत असेल? काल संध्याकाळीच दहा टनांचा ठोकळा लावून तपासलं होतं. दहा म्हणजे दहा दाखवले होते.

तिला खुर्चीत बसवेना. उठली, पुन्हा बसली. पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. पडद्यावर नऊ सेकंदांची लाट चालू होती, तेवढी तरी ओळखीची होती. पण त्या लाटेखाली आकडा हळूच खाली सरकत होता. तीस. एकोणतीस. अठ्ठावीस.

दोनशे वीस मीटरवर नेहमीचा थांबा होता. तिथे दोर तपासायचा. उस्तादांनी क्रेन थांबवली आणि लगेच त्यांचा आवाज आला, "ताई, जरा वर येता का?" माइकवर ते एवढ्या हळू कधी बोलत नसत.

क्रेनची केबिन म्हणजे काचेचं कपाट. ती लोखंडी शिडीने चढून धापा टाकत पोचली. उस्तादांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. क्रेनच्या दांड्याला त्यांचा हातही लागत नव्हता.

"बघा," ते म्हणाले.

क्रेन थांबलेली होती आणि वजन उतरत होतं. सव्वीस. तेवीस. एकोणीस.

"चालवली की हे धरून राहतं. थांबवली की हलकं होतं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "चाळीस वर्षं झाली, ताई. हाताला कळतं. मी हे उचलत नाहीये."

"मग काय करताय?"

"मी नुसता दोर गुंडाळतोय."

४

तिचं डोकं मात्र अजून शाबूत होतं. शिडी उतरता उतरताच तिला कारण सापडलं, आणि सापडल्याबरोबर तिला एवढं हायसं वाटलं की शेवटच्या पायरीवर ती चक्क हसली. वायू! अकरा वर्षं बंद पडलेल्या पाइपात कुठून तरी वायू शिरला असणार. खोलात तो दाबाने आकसून बसतो. वर यावं तसा फुगतो आणि सांगाड्याला वर ढकलतो. साधी गोष्ट.

कंपनीचे साहेब डेकवर उभे होते. गळ्यात शिट्टी, हातात वेळापत्रक. उद्या हवा बिघडणार होती आणि त्यांना आजच्या आज सांगाडा डेकवर हवा होता. "मॅडम, हलकं झालं तर चांगलंच आहे की. रडताय कशाला?"

"वायू असेल तर तो वर येताना आणखी फुगेल. बूच उडाल्यासारखा सांगाडा खालून जहाजावर येईल. मला एक खात्री करून घेऊ द्या."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. वीस मीटर खाली सोडते. वायू असला तर दाबाने पुन्हा आकसेल आणि वजन वाढेल. सगळं माझ्या कागदाबरहुकूम होईल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. तोवर उस्तादांनी ओढणं पुन्हा सुरू केलं होतं, सांगाडा एकशेचाळीसवर आला होता. तिने वाढीव वजन मांडलं : वीस मीटर खाली, सव्वीस टन. त्या आकड्याकडे ती देवाकडे बघावं तशी बघत राहिली.

"सोडा उस्ताद. सावकाश."

दोर सुटू लागला. दोन मीटर. पाच मीटर. आकडा वाढला नाही. चौदा. नऊ. चार.

शून्य.

"थांबवा!"

क्रेन थांबली. दोर सैल पडला होता. डेकच्या कडेला तो पाण्यात शिरत होता तिथे त्याला बाक आला होता, वाळत घातलेल्या दोरीला येतो तसा. तिने सांगाड्याची खोली वाचली. एकशेचाळीस. वीस मीटर दोर सोडला होता आणि सांगाडा तसूभरही खाली गेला नव्हता. बेचाळीस टन लोखंड पाण्याच्या मधोमध, कशालाही न लटकता, उभं होतं.

वायूने उचललेलं लोखंड एका जागी उभं राहत नाही. ते वर तरी धावतं, नाही तर बुडतं तरी. एवढं नेमकं तोलून धरणं हे वायूचं काम नव्हे. हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती कागद उलटा करून मागच्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून मांडणी करू लागली. दोन ओळी झाल्यावर तिचा हात थांबला.

पडद्यावर एकशेचाळीसचे एकशेएकोणचाळीस झाले.

५

"बेडूक खाली ने," ती दुर्बिणीला म्हणाली. "सांगाड्याच्या खाली काय आहे ते दाखव."

"ताई, खाली काही नसणार. दीडशे-दोनशे मीटर नुसतं पाणी."

"तेच दाखव. नुसतं पाणी दाखव मला."

त्याने यंत्र सांगाड्याच्या बाजूने उतरवलं. दिव्यांच्या उजेडात गंजलेला पाइप गेला, पंपाची टाकी गेली, पुढचा पाय आला. पाय खाली संपतो तिथे काळोख असायला हवा होता.

तिथे चिखल होता.

करडा, सपाट, बारीक कणांचा चिखल. पाय त्यात वीतभर रुतलेला, अकरा वर्षं होता तसाच. आणि पायाशेजारी, चिखलावर, पिवळी कडी पडलेली.

खोलीतल्या पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. उंची मोजणारं यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते सकाळपासून खरं तेच सांगत होतं, शून्य. चिखलाची पकड सोडवायला जोर लागला नव्हता, कारण पकड सुटलीच नव्हती. तळ सांगाड्याबरोबर वर आला होता.

"गाळाचा थर निघून आला असेल," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तो तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "मोठा थर. गोळा. होतं कधीकधी."

"मग वजन वाढायला हवं ना, ताई?"

तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. शून्य.

बेडूक फार जवळ गेला होता. दुर्बिणीने त्याला मागे घेण्यासाठी पंखे उलटे फिरवले, आणि पाण्याचा झोत चिखलावर बसला. गाळ उडायला हवा होता. तो उडाला नाही. जिथे झोत लागला तिथून एक बारीक सुरकुती उठली आणि सर्रकन पसरत उजेडाच्या बाहेर गेली. गाईच्या पाठीवर माशी बसली की तिचं कातडं थरथरतं, अगदी तसं.

पिवळी कडी किंचित हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

दुर्बिणीने सगळे दिवे एकदम मालवले. पडदा काळा झाला.

"दिवे का घालवलेस?"

"उजेड नको, ताई," तो पुटपुटला. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. "राहू दे तसंच."

भिंतीवरच्या कर्ण्यात खरखर झाली आणि एक ओळखीचा आवाज खोलीत घुमला, "पाणबुड्या बोलतोय. बारा मीटरवर पोचलो. पिंजरा थांबवा."

६

वेळ वाचवायला साहेबांनी त्याला आधीच पाण्यात सोडलं होतं. ती धावत सुटली. पाणबुड्यांचा पिंजरा जहाजाच्या दुसऱ्या अंगाने उतरवत. मधली वाट पाइपांनी आणि साखळ्यांनी भरलेली. गुडघा कशावर तरी आपटला, तो तिला रात्री काळानिळा दिसला, तेव्हा जाणवलाही नाही.

"वर घ्या त्याला!"

"मॅडम, सांगाडा येतोय. साठ मीटरवर आलाय," साहेब म्हणाले. "आता पाच-दहा मिनिटांत..."

"तो आपण आणत नाही आहोत! दोर सैल आहे, डोळ्यांनी बघा. तो आपला आपण येतोय."

साहेबांनी पाहिलं. पाहिलं म्हणूनच बहुधा त्यांचा आवाज चढला. "असल्या गोष्टी माझ्या अहवालात बसत नाहीत. तुमची जबाबदारी, तुमची सही."

"माझीच. वर घ्या."

पिंजऱ्याचा दोर ओढणाऱ्या विंचवाल्याने साहेबांच्या तोंडाकडे बघण्याची तसदी घेतली नाही. तिने पाणबुड्याशी बोलायचा फोन हिसकावून घेतला. "जावईबापू, पिंजऱ्यात उभे आहात ना? वर घेतोय."

उत्तर आलं नाही. श्वास ऐकू येत होता. सावकाश, लांब, झोपलेल्या माणसासारखा.

"जावईबापू!"

"एक मिनिट, ताई." आवाजात घाई नव्हती. "जरा थांबा. बरं वाटतंय इथं."

"पिंजऱ्यात या. आत्ताच्या आत्ता. बायकोला काय सांगू मी तुमच्या?"

पुन्हा श्वास. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. "आलो. घ्या."

विंच फिरली. पिंजरा पाण्याबाहेर आला तेव्हा तो दोन्ही हातांनी गज धरून, मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत उभा होता. शिरस्त्राण काढल्यावर तो नेहमी पहिली काहीतरी थट्टा करायचा. आज तो बाकावर बसला आणि म्हणाला, "बूट काढा कुणीतरी माझे." बस, एवढंच.

७

सुकाणूच्या खोलीतून कप्तान स्वतः खाली आले. पाण्याची खोली मोजणारं यंत्र वेड्यासारखे आकडे देत होतं : तीनशे दहा, चाळीस, तीनशे दहा, अकरा. त्यांनी सैल दोर पाहिला, वजनताईचा चेहरा पाहिला, आणि विचारलं, "तुमचं मत?"

"सोडून द्या. दोरासकट."

"कप्तान, चारशे मीटर दोर आहे तो!" साहेब म्हणाले.

"माझं जहाज पंच्याण्णव मीटर आहे," कप्तान म्हणाले आणि त्यांनी वर केबिनकडे हात केला.

उस्तादांनी काचेखालचं लाल बटण दाबलं. दोर भराभर सुटत गेला, त्याचं शेवटचं टोक चाबकासारखं उडालं आणि पाण्यात नाहीसं झालं. इतर वेळी एवढं ओझं सुटलं की जहाज उसळतं. आज ते उसळलं नाही. अंगावर ओझं नव्हतंच मुळी.

सगळे कठड्याशी उभे राहून वाट बघत होते. कशाची, ते कुणाला सांगता आलं नसतं. पाणी निळं होतं, ऊन पडलं होतं.

मग जहाज थांबलं.

पुढे जाणं थांबलं असं नव्हे, ते तर सकाळपासून एका जागी होतंच. झोका थांबला. लटकलेली साखळी हळूहळू स्थिर झाली. टेबलावरच्या पेल्यातला चहा काचेसारखा सपाट झाला. समुद्रावर तेवीस वर्षांत तिच्या पायांना हा अनुभव कधी आला नव्हता. घराच्या फरशीवर उभं राहावं तसं ती उभी होती. लाटा येत होत्या, जहाजाच्या अंगावर फुटत होत्या, आणि जहाज खडकासारखं अचल होतं. कुठून तरी लांबून, तळाच्या पत्र्यातून, एक दबका आवाज आला. ओल्या कापडाने भांडं धरल्यासारखा.

ती कठड्यावरून वाकली. जहाजाच्या बाजूला पाण्याची रेघ दाखवणारे पांढरे आकडे रंगवलेले असतात. सकाळी पाणी सहा मीटर दहावर होतं. आता ते सहावर होतं. तिच्या डोळ्यांदेखत ओला, शेवाळलेला पत्रा वर येत गेला. पाच नव्वद. पाच ऐंशी.

या जहाजाला एक सेंटीमीटर वर उचलायला सोळा टन लागतात. हा आकडा तिला पाठ होता. डोक्याने आपण होऊन गुणाकार केला, तिने सांगितला नव्हता. चारशे ऐंशी टन. सहाशे. पाच मीटर सत्तरवर, सहाशे चाळीस.

कुणीतरी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. साहेब डेकवर मटकन खाली बसले होते. शिट्टी तोंडात, पण ती वाजत नव्हती.

मग पाणी पुन्हा चढू लागलं. पाच ऐंशी, पाच नव्वद, सहा, सहा दहा. एक थेंबही न उडता, काचेचं भांडं फळीवर ठेवावं इतक्या अलगद, जहाज आपल्या जागी टेकलं. साखळी हलली. झोका आला.

कप्तान धावत वर गेले, आणि मिनिटभरात इंजिनं पूर्ण जोराने सुरू झाली.

८

ती जावईबापूला शोधत खाली गेली तेव्हा तो जेवणाच्या खोलीत एकटाच बसला होता. पायांत मोजे नव्हते. तळवे त्याने फरशीवर सपाट टेकवले होते आणि अधूनमधून तो एक पाय उचलून पुन्हा ठेवत होता.

"बायकोला सांगू नका हं," तो म्हणाला.

"काय?"

"मी पिंजऱ्यातून उतरलो होतो."

ती समोर बसली. तिला बसवत नव्हतं, तरी बसली.

"बारा मीटरवर उतरून कुठे जाणार होतात?"

"पायाला लागलं काहीतरी. पिंजऱ्याच्या बाहेर. मला वाटलं, सांगाडाच आला. तो साठ मीटरवर होता, हे नंतर कळलं. एक पाय टाकून बघितला. मऊ होतं." त्याने एक पाय फरशीवरून उचलला. "कोमट होतं, ताई. मग दुसराही पाय टाकला."

इंजिनांची थरथर टेबलातून तिच्या कोपरांपर्यंत येत होती. तिला ती बरी वाटली.

"आधी मी जरासा रुतलो. मग खालून रेटा आला. माझं जेवढं वजन, तेवढाच. गुंजभर कमी नाही की जास्त नाही. मग तो किंचित वाढला. मी बोटभर वर आलो, पुन्हा खाली. असं तीन वेळा. छान वाटत होतं, खरं सांगतो. लहान मूल हातावर तोलावं तसं. आणि तुमचा फोन आला."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. चेष्टेखोर माणसाचा चेहरा गंभीर झाला की वेगळाच दिसतो. तिला वाटलं, हा माणूस आपण आज पहिल्यांदा बघतोय.

"तुम्ही या धंद्यातल्या आहात, म्हणून विचारतो. एखादं मोठं ओझं उचलायचं असलं, तर तुम्ही आधी काय करता?"

"चाचणी," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि मग तिला त्याचा अर्थ लागला. "आधी वीतभर उचलायचं. धरून ठेवायचं, आकडा बघायचा. आणि खाली ठेवून द्यायचं."

"का?"

"अंदाज घ्यायला. किती जोर लागेल, त्याचा."

"आणि खरी उचल?"

"तासाभराने."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. जहाज टेकलं त्याला एक्कावन्न मिनिटं झाली होती.

ती वर गेली. कप्तान सुकाणूपाशी उभे होते. ती काचेजवळ उभी राहिली, एक हात खांबाला लावून, आणि झोके मोजू लागली. नऊ सेकंद, झोका. नऊ सेकंद, झोका. पंचावन्न मिनिटं झाली. अठ्ठावन्न. खाली कुणीतरी भांडं पाडलं, आणि वरची सगळी माणसं दचकली, आणि एकमेकांकडे न बघता पुन्हा समोर बघू लागली.

साठ मिनिटं झाली. काही झालं नाही. एकसष्ट. पासष्ट. मागे पाण्यावर जहाजाची पांढरी वाट सरळ पडलेली दिसत होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना समुद्र होता तसाच होता.

"सुटलो म्हणायचं," कप्तान म्हणाले.

ती "हो" म्हणणार होती. पण तिचं डोकं तिच्या आधी बोललं, तेवीस वर्षांच्या सवयीने. तासाभराचं अंतर ती ठेवायची ते चाळीस-पन्नास टनांच्या ओझ्याला. हजारो टनांच्या कामाला तिने अशी घाई कधीच केली नसती. एवढ्या मोठ्या उचलीला ती नीट तयारी करायची. दोन दिवस, चार दिवस. घाई कसली, ओझं कुठे पळून जातंय?

तिने खांबावरचा हात काढला नाही. आठ मोजले. नऊ मोजले. झोका आला.

ती पुन्हा एकपासून मोजू लागली.